व्हीपीएन घ्यायचाय? आधी त्याची जुनी प्रकरणं उकरून बघा

"कुठला व्हीपीएन घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, लपवायचंय कुणापासून? बहुतेक लोक इथंच अडखळतात, "म्हणजे असंच, प्रायव्हसी वगैरे" असं काहीतरी पुटपुटतात. तर व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट आपल्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सर्व्हिस, आणि आधी हे डोक्यात बसवून घ्या की ती लावल्यावर तुमच्यावर नजर ठेवू शकणारा माणूस जात नाही, बदलतो. आधी तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसायचं की हा कुठल्या कुठल्या साईटवर फिरतोय, आता तिला एवढंच दिसतं की कुठल्यातरी एका सर्व्हरकडे कुलूपबंद डेटा चाललाय, पण ते कुलूप उघडतं कुठं तर व्हीपीएनवाल्याच्या सर्व्हरवर, म्हणजे जे इंटरनेट कंपनीला दिसत होतं ते आता त्याला दिसू शकतं. किल्ल्यांचा जुडगा एकाकडून काढून दुसऱ्याकडे दिला, बस. मग तो दुसरा कोण आहे हे न बघता नुसतं "७० टक्के डिस्काउंट" बघून घेतला तर आगीतून फुफाट्यात.

आणि जाहिरातीत जी भीती घालतात ना, की व्हीपीएन नसेल तर हॅकर तुमचा बँकेचा पासवर्ड उडवेल, ती बरीचशी शिळी भीती आहे. आता जवळपास सगळ्या साईट एचटीटीपीएसवर चालतात, पासवर्ड आणि पानावरचा मजकूर तुमचा ब्राउझर आणि ती साईट यांच्यातच बंद असतो, मधल्याला कळतं ते साईटचं नाव, किती वाजता गेलात आणि किती डेटा गेला. "मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन" वाचलं की मला तर हसूच येतं, त्यांना म्हणायचं असतं एईएस-२५६ ही डेटाला कुलूप लावायची पद्धत, आणि एईएस तुमचा ब्राउझरसुद्धा रोज वापरतोय, एक पैसा न घेता. शिवाय व्हीपीएन लावून गुगलला लॉगिन केलंत तर तुम्ही कोण हे गुगलला कळणारच की, कुकीज तिथल्या तिथं असतात, स्क्रीनचा साईज, फॉन्ट, ब्राउझरची सेटिंग यावरून ओळखायचं फिंगरप्रिंटिंगही चालूच राहतं. व्हीपीएनच्या हातून दोन कामं नीट होतात, तुम्ही कुठं जाताय ते इंटरनेट कंपनीला किंवा एअरपोर्टच्या वायफायवाल्याला कळत नाही, आणि साईटला तुमचा खरा आयपी ॲड्रेस, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता, कळत नाही. एवढंच हवं असेल तर पुढं वाचा. ज्यांच्या जिवावर बेतू शकतं अशा लोकांनी, म्हणजे पत्रकार, चळवळीतली माणसं, त्यांनी एकट्या व्हीपीएनच्या भरवशावर राहू नये, टॉर (ओळख लपवायला डेटा अनेक सर्व्हरमधून फिरवणारं नेटवर्क) वगैरे तो वेगळा विषय आहे.

आता फुकटवाले. सर्व्हर, बँडविड्थ, माणसांचे पगार या सगळ्याला महिन्याच्या महिन्याला पैसा लागतो, मग तुमच्याकडून घेत नाहीत तर कुठून तरी काढतायत. ओनावो प्रोटेक्ट हे फुकट व्हीपीएन ॲप आठवतंय का? फेसबुकनं ओनावो ही कंपनी २०१३ मध्ये घेतली, ॲप लोकांना सांगायचं की तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो, आणि आतून फेसबुकला माहिती जायची की लोक दुसऱ्यांची कुठली ॲप किती वापरतात. २०१८ मध्ये ॲपलच्या दबावामुळं ते ॲप स्टोअरवरून काढावं लागलं, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कोर्टानं मेटाच्या दोन कंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. होला नावाचा फुकट व्हीपीएन तर याच्याही पुढं, २०१५ मध्ये बाहेर आलं की फुकट वापरणाऱ्यांचंच इंटरनेट कनेक्शन ते दुसऱ्या नावानं पैसे घेऊन भाड्यानं देतायत, म्हणजे कुणीतरी तिसराच माणूस तुमच्या आयपीवरून काहीही उद्योग करू शकत होता आणि उद्या विचारणा झाली तर तुमच्या दारात. २०१६ मध्ये सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियातल्या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली तर १८ टक्के ॲप डेटा एन्क्रिप्टच करत नव्हती, ३८ टक्क्यांत मालवेअरच्या खुणा होत्या. आणि यातल्या कितीतरी ॲपना चार-चार, साडेचार स्टार! स्टार देणाऱ्याला काय दिसतं, बटण हिरवं झालं, व्हिडिओ चालू झाला, खूश.

मी स्वतः एकेकाळी असंच एक फुकट ॲप टाकलं होतं, नाव सांगत नाही, टॉर्च आणि व्हीपीएन एकाच कंपनीचे होते एवढं सांगतो, त्यावरूनच समजायला हवं होतं. त्याला कॉन्टॅक्ट कशाला हवेत, लोकेशन कशाला हवं, हा प्रश्न मला तीन महिन्यांनी पडला. फुकटच पाहिजे असेल तर ज्या कंपनीचे पैसे भरणारे ग्राहक आहेत आणि त्यांच्या जिवावर ती छोटा फुकट प्लॅन चालवते असा बघा, प्रोटॉन व्हीपीएनचा आहे तसा, त्यात डेटाची मर्यादा नाही, फक्त सर्व्हर कमी आणि देश निवडता येत नाही असली बंधनं असतात. पैसा कुठून येतो ते तिथं निदान समजतं तरी.

आता मुख्य मुद्दा, "नो लॉग्स", म्हणजे तुम्ही कधी, कुठं गेलात याची नोंद आम्ही ठेवत नाही. हा शब्द सगळ्यांच्याच पानावर असतो, लिहायला काय जातंय. हा दावा खरा का खोटा ते कधी कळतं, तर पोलीस किंवा कोर्ट दारात येऊन उभं राहतं तेव्हा. म्हणून मी कुठल्याही व्हीपीएनचं नाव ऐकलं की सर्चमध्ये त्याच्या नावापुढं "कोर्ट", "पोलीस", "सर्व्हर जप्त", "लीक" असे शब्द टाकून बघतो, इंग्रजीत टाका, जास्त सापडतं. तासाभरात जेवढं कळतं तेवढं दहा रिव्ह्यू वाचून कळत नाही.

उदाहरणं बघा. प्युअरव्हीपीएन आम्ही लॉग ठेवत नाही म्हणायचं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन छळाच्या केसमध्ये एफबीआयच्या कागदपत्रांत आलं की कंपनीच्या रेकॉर्डवरून कळलं, एकच ग्राहक दोन ठिकाणांहून जोडला गेला होता, एक त्याच्या घराचा आयपी आणि एक ऑफिसचा. गुन्हेगार पकडला गेला ते चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही, पण रेकॉर्ड नव्हतं तर दिलं कुठून? आयपीव्हॅनिशचंही तसंच, "झिरो लॉग्स" म्हणत म्हणत २०१६ मध्ये तपास यंत्रणेला माहिती दिली, लोकांना ते कळलं २०१८ मध्ये, तोवर मालक बदलले होते. २०२० मध्ये यूएफओ व्हीपीएन आणि त्याची सहा भावंडं, सगळी नो लॉग्सवाली, त्यांचा १ टीबीपेक्षा मोठा लॉगचा ढीग इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडा पडलेला सापडला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

उलट बाजू पण आहे. रशियाच्या राजदूताच्या हत्येच्या तपासात तुर्कस्तानच्या पोलिसांनी एक्सप्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त केला, हाताला काही लागलं नाही, ही गोष्ट २०१७ मध्ये बाहेर आली. प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेसकडे अमेरिकेत एकदा २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या खटल्यात माहिती मागितली, द्यायला काही नव्हतं. आणि माझं आवडतं म्हणजे मुलवाड, १८ एप्रिल २०२३ ला स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन त्यांच्या गोथेनबर्गच्या ऑफिसात कॉम्प्युटर उचलायला आले आणि रिकाम्या हातानं परत गेले, कारण तिथं ईमेल-पासवर्डचा प्रकारच नाही, एक नंबर मिळतो तोच अकाउंट, आणि पैसे पाकिटात घालून रोख पाठवले तरी चालतात. जे गोळाच केलं नाही ते कुणाला देता येत नाही, चोरीलाही जात नाही.

पण थांबा, एकदा परीक्षेत पास झाला म्हणजे कायमचा पास असं नाही, आणि इथं मालकाचा प्रश्न येतो. केप टेक्नॉलॉजीज ही कंपनी, हिचं जुनं नाव क्रॉसरायडर, तेव्हाचा त्यांचा प्लॅटफॉर्म ब्राउझरमध्ये जबरदस्तीनं जाहिराती घुसवणाऱ्या ॲडवेअरसाठी बदनाम होता. हिनं २०१७ मध्ये सायबरघोस्ट घेतलं, मग झेनमेट, २०१९ मध्ये प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ मध्ये एक्सप्रेसव्हीपीएन. आणि २०२१ मध्येच व्हीपीएनचे रिव्ह्यू लिहिणाऱ्या साईट चालवणारी कंपनीही विकत घेतली! म्हणजे परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकाच घरातले. याचा अर्थ ती सर्व्हिस आज वाईटच आहे असा मी म्हणत नाही, पण पैसे भरण्याआधी हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. बाकीच्या "टॉप १०" याद्या बघाल तर खाली बारीक अक्षरात कमिशनचं लिहिलेलं असतं, यूट्यूबवरचे कूपन कोड पण तेच, जो जास्त कमिशन देतो तो एक नंबरला. आणि ज्या व्हीपीएनच्या "अबाउट" पानावर मालकाचं, कंपनीचं, पत्त्याचं नावच नाही तिथून सरळ उठायचं.

ऑडिटचं पण सांगतो. क्युअर५३, डेलॉइट, केपीएमजी असल्या बाहेरच्या तपासनीस कंपन्यांकडून ऑडिट करून घेतलेलं असणं चांगलंच, पण "वी आर ऑडिटेड" एवढा शिक्का बघून भुलायचं नाही. काय तपासलं ते बघा, नुसतं ब्राउझर एक्स्टेंशन तपासलं का सर्व्हर आणि लॉगचं धोरण? कधी तपासलं, चार वर्षांपूर्वी एकदाच का दरवर्षी? पूर्ण रिपोर्ट वाचायला मिळतो का नुसती प्रेस नोट? ऑडिट म्हणजे त्या दिवशीचा फोटो असतो, दुसऱ्या दिवशी काय चाललंय ते फोटोत येत नाही. ॲपचा कोड ओपन सोर्स असला तर अजून बरं, निदान बाहेरचे लोक डोकावू शकतात. आणि चूक झाल्यावर कंपनी कशी वागते ते बघा, नॉर्डव्हीपीएनच्या फिनलंडमधल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर मार्च २०१८ मध्ये कुणीतरी घुसलं होतं आणि जाहीरपणे कळलं ऑक्टोबर २०१९ मध्ये, दीड वर्षानं. त्यानंतर त्यांनी ऑडिट, हार्ड डिस्क नसलेले रॅमवरचे सर्व्हर (बंद केले की आतलं सगळं पुसलं जातं) असं बरंच काही केलं, पण तो दीड वर्षाचा उशीर मी तरी विसरत नाही.

देश कुठला यावर लोक फार वाद घालतात, फाइव्ह आइज (गुप्त माहिती आपसात वाटून घेणारे अमेरिका, ब्रिटन वगैरे पाच देश) की काय. मला वाटतं त्याला जरा जास्तच भाव मिळालाय, वर बघितलंत ना, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस ही अमेरिकेतली कंपनी पण "काही नाही" म्हणू शकली, कारण तिथं व्हीपीएनला लॉग ठेवायची सक्ती नाही. सक्ती आहे का एवढंच बघा. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी पाच वर्षं ठेवा, तेव्हा एक्सप्रेस, सर्फशार्क, नॉर्ड या सगळ्यांनी तिथले सर्व्हर बंद केले. आणि काही देशांत व्हीपीएनवरच बंदी किंवा कडक बंधनं आहेत, तुम्ही जिथं आहात तिथला कायदा आधी बघून घ्या.

टेक्निकल भाग पटकन. जोडणीची पद्धत (प्रोटोकॉल) वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन पाहिजे, वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे, कोड अगदी छोटा म्हणून तपासायला सोपा, वेगही चांगला. पीपीटीपी हा जुना, आता असुरक्षित प्रोटोकॉल दिसला तर समजा दुकान जुन्या मालावर चाललंय. किल स्विच हवाच, म्हणजे व्हीपीएन तुटला तर इंटरनेटही बंद, नाहीतर मधल्या दहा सेकंदांत खरा आयपी उघडा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये "ऑलवेज ऑन" आणि "व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा" असे दोन पर्याय असतात, दोन्ही चालू करा.

घेतल्यावर तपासायचं असं: व्हीपीएन बंद ठेवून "माझा आयपी काय" सर्च करा, लिहून ठेवा, मग चालू करून परत बघा, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (आयपीचा जुना आणि नवा प्रकार) दोन्ही बदलले पाहिजेत, नाहीतर आयपीव्ही६ दिसताच कामा नये. मग डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी यंत्रणा) लीक टेस्टच्या एखाद्या साईटवर जा, तिथं तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव दिसलं तर गळती आहे, साईटची नावं अजून तिलाच विचारली जातायत. वेबआरटीसीची, म्हणजे ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलच्या सोयीची टेस्ट पण करा, खरा आयपी तिथून निसटू शकतो. मग चालू असताना वायफाय बंद-चालू करून किल स्विच खरंच काम करतो का ते बघा, इथं भलेभले नापास होतात.

पैशाचं शेवटी. पहिल्यांदा एकच महिना घ्या, महाग पडला तरी. तीन वर्षांचा प्लॅन स्वस्त दिसतो पण तीन वर्षांत मालक बदलतो. "लाइफटाइम" तर नकोच, व्हीपीएनसिक्युअर नव्या मालकांकडे गेल्यावर २०२५ मध्ये त्यांनी जुन्या लोकांचे लाइफटाइम प्लॅन रद्द करून टाकले, लाइफ कुणाची ते आधी विचारायला हवं होतं. माझे एका ठिकाणी ऑटो रिन्यूअलमध्ये अख्ख्या वर्षाचे पैसे कटले होते, पहिल्या वर्षाच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि रिफंडसाठी चॅटवर चाळीस मिनिटं एक बॉट मला नवीन ऑफर दाखवत बसला. तेव्हापासून पैसे भरले की त्याच मिनिटाला ऑटो रिन्यूअल बंद करतो आणि रिफंडची मुदत संपायच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर मोबाईलमध्ये लावून ठेवतो.