लगतच्या पदांचे गुणोत्तर सारखे आहे का, हे कसे ओळखावे

ए४ आकाराचा एक कोरा कागद आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी घ्या. वही-पेन नंतर लागेल.

कागद मोजा: रुंदी २१० मिमी, लांबी २९७ मिमी. आता लांबी निम्मी होईल असा मधोमध दुमडा. नवी छोटी बाजू साधारण १४८ भरेल. असेच दोन कागद लांब बाजूंनी शेजारी चिकटवले, तर मोठी बाजू ४२० होते, हाच ए३. मापे चढत्या क्रमाने लिहा (यातली प्रत्येक संख्या म्हणजे एक पद):

१४८, २१०, २९७, ४२०

आधी वजाबाकी करून पाहा. बहुतेकांचा हात तिकडेच जातो, तर जाऊ द्या. फरक येतात ६२, ८७, १२३. फरक सारखे नाहीत, म्हणजे ही अंकगणिती श्रेढी नाही.

मग भागाकार करा, प्रत्येक वेळी पुढचे पद भागिले मागचे पद. एकदा पुढचे भागिले मागचे आणि एकदा उलटे, असे केले की सगळा घोळ. २९७ ÷ २१० = १.४१४. ४२० ÷ २९७ = १.४१४. पण २१० ÷ १४८ मात्र १.४१९ येते! इथे चूक तुमची नाही. २९७ चे निम्मे १४८.५, प्रमाणित मापात तो अर्धा मिलिमीटर सोडून दिला आहे. १४८.५ घेऊन पाहा, तिथेही १.४१४ येईल. मोजलेल्या संख्यांत एवढा फरक चालतो, परीक्षेतल्या संख्यांत चालत नाही.

हा १.४१४ म्हणजे √२. अर्ध्या कागदाचा आकार पूर्ण कागदासारखाच दिसावा, एवढीच अट घाला. मग लांबी ÷ रुंदी = रुंदी ÷ (लांबीचे निम्मे), म्हणजे लांबीचा वर्ग हा रुंदीच्या वर्गाच्या दुप्पट. लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १७८६ साली एका पत्रात या प्रमाणाबद्दल लिहिले होते. जर्मनीने १९२२ मध्ये कागदाची मापे त्यावर बसवली.

भागाकार नको असेल तर मधल्या पदाचा वर्ग करा. लगतची तीन पदे अ, ब, क घ्या. अ/ब = ब/क असेल तर ब² = अ × क. नववीच्या पुस्तकात याला परंपरित प्रमाण म्हणतात आणि ब ला मध्यम प्रमाणपद किंवा भूमितीमध्य. आपल्या कागदावर: २९७² = ८८२०९ आणि २१० × ४२० = ८८२००. अठ्ठ्याऐंशी हजारांच्या घरातल्या संख्यांत नऊचा फरक, तोही मिलिमीटरच्या गोलाईमुळे.

एक खबरदारी: कोणतेही पद शून्य नको. ०, ०, ५ मध्ये ब² = अक बसते, पण शून्याने भागणार कसे? ऋण संख्या मात्र चालतात. ५, −१०, २० मध्ये गुणोत्तर −२ आहे.

सगळ्या जोड्या तपासा. २, ४, ८, १४ बघून ‘दुप्पट होतंय’ म्हणणारी मुले दरवर्षी भेटतात. पहिल्या दोन जोड्या फसवतात, तिसरीत पितळ उघडे पडते. १, ४, ९, १६ मध्ये तर दुसऱ्याच भागाकाराला गुणोत्तर बदलते.

सर्व जोड्यांचे गुणोत्तर सारखे निघाले की त्या क्रमिकेला, म्हणजे क्रमाने लिहिलेल्या पदांना, भूमिती श्रेढी म्हणतात. मुदत ठेवीचे उदाहरण घ्या: १०,००० रुपये, दर साल ७ टक्के, व्याज वर्षातून एकदा मुद्दलात जमा. वर्षअखेरच्या रकमा १०,७००, मग ११,४४९. व्याज ७०० वरून ७४९ झाले, पण दोन्ही वेळा गुणले १.०७ नेच.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. वजाबाकी वाया जात नाही. भूमिती श्रेढीतल्या लगतच्या फरकांचे गुणोत्तरही तेच असते (गुणोत्तर १ असेल तर सगळे फरक शून्य, तेवढे सोडा). ६, १२, २४, ४८ चे फरक ६, १२, २४, पुन्हा दुप्पट. यावरून एक नेहमीचा प्रश्न झटपट सुटतो: ३, ९, २१ या प्रत्येकात कोणती संख्या मिळवली म्हणजे त्या परंपरित प्रमाणात येतील?

पुस्तकी रीत: (९ + य)² = (३ + य)(२१ + य). सोडवले की ८१ + १८य = ६३ + २४य, म्हणून य = ३.

आडवाट: सर्वांत सारखीच संख्या मिळवली तर फरक बदलत नाहीत. ते आहेत ६ आणि १२, म्हणून गुणोत्तर २ असणारच. मग ९ + य = २(३ + य), य = ३. संख्या ६, १२, २४. उत्तरपत्रिकेत पहिली रीत लिहा, पडताळा दुसरीने घ्या.

जाता जाता, झेरॉक्सच्या दुकानात ए४ चे ए३ करायला २०० टक्के सांगू नका. कागदाचे क्षेत्रफळ दुप्पट होते, बाजू नव्हे. २०० टक्क्यांना बाजू दुप्पट होतात आणि निम्मा मजकूर कागदाबाहेर जातो. मशीनवर १४१ असते ते यासाठीच, आणि ए३ चे ए४ करायला ७१.