अकरावी-बारावीचे गणित आणि विज्ञान : करिअरच्या वाटा बंद करणाऱ्या या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की गणित ठेवायचे की सोडायचे, हा निर्णय अनेक घरांत भूमितीच्या गुणांकडे पाहून घेतला जातो, आणि सर्वांत महागात पडणारी चूक तीच ठरते. महाराष्ट्र बोर्डात विज्ञान शाखेत राहूनही गणित सोडता येते. वैद्यकीयचा निश्चय पक्का असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत अपेक्षित गुण मिळाले नाहीत तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हवाई दल व नौदल, भारतीय सांख्यिकी संस्थेचा बी.स्टॅट. हे मार्ग गणिताविना बंद होतात. मन द्विधा असेल तर अभ्यासाचा भार वाढला तरी जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे.

बोर्डाची परीक्षा बारावीला असते म्हणून अकरावी वाऱ्यावर सोडली जाते. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, पण खरे नुकसान त्याहून मोठे आहे, कारण सदिश, त्रिकोणमिती आणि लॉगरिथम कच्चे राहिले की बारावीच्या भौतिकशास्त्रात पदोपदी अडते.

'फिजिक्स जमत नाही' अशी तक्रार आली की लगेच दुसरा क्लास शोधू नये. आधी मूल नेमके कुठे अडते ते शेजारी बसून पाहावे. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या गाडीला ब्रेक लावून ५ मी/से² मंदन (वेग घटण्याचा दर) मिळाले, तर ती किती अंतरावर थांबेल, हे उदाहरण द्यावे. सूत्रच सुचले नाही तर संकल्पना कच्ची आहे. सूत्र बरोबर लिहून पुढे आकडेमोडीत गोंधळ झाला तर दोष बीजगणिताचा, आणि त्यासाठी आठवी-नववीची समीकरणे पुन्हा सोडवून घ्यावीत. ७२ चे २० मी/से न करताच आकडा सूत्रात घातला तर ४० मीटरऐवजी ५१८ मीटर उत्तर येते. गाडी थांबायला अर्धा किलोमीटर लागतो, हे मुलाला खटकत नसेल तर उत्तराचा अंदाज आधी बांधण्याची सवय लावावी. कोणत्याही तांत्रिक नोकरीत ती रोज लागते.

प्रात्यक्षिके टाळणे ही आता जवळजवळ रूढी झाली आहे. क्लासशी जोडलेल्या महाविद्यालयांत मुले प्रयोगशाळेत क्वचितच जातात आणि सिनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतात. व्हर्नियर कॅलिपर या सूक्ष्म मोजमापाच्या साधनाची शून्य त्रुटी (जबडे मिटलेले असतानाही दिसणारे चुकीचे माप) स्वतः पाहून वजा न करणाऱ्या विद्यार्थ्याला कारखान्यातील गुणवत्ता तपासणीत किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मोजमापाचे महत्त्व नव्याने शिकावे लागते. किमान भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रयोग मुलाने स्वतःच्या हाताने केले आहेत का, एवढे पालकांनी विचारावेच.

दहावीनंतरचा डिप्लोमा कमी प्रतीचा मानू नये. त्यातून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मात्र गणित चुकवण्यासाठी तो घेऊ नये, कारण तेथेही पहिल्याच वर्षी गणित असते.