अंगावरचं सोडवून बाटलीवर आणताना

सूनबाईची 180 दिवसांची रजा संपली की ती सकाळच्या एसटीनं तासगावला शाळेत जाणार आणि इथं सांगलीत विश्रामबागेत बाळ माझ्या मांडीवर. अशा घरांसाठी सांगते: बाटलीची सवय ऐन हजर व्हायच्या आदल्या दिवशी लावायला घेऊ नका. तीन-चार आठवडे हाताशी असू द्या.

आधी फक्त दुपारचं पाजणं बदला. चार-पाच दिवसांनी दुसरं. पहाटेचं आणि रात्रीचं अंगावरच चालू दे, ते तोडायची घाई कशाला? एकदम बंद केलं तर दूध दाटतं, गाठी होतात. दाटलं तर हलकं वाटेल एवढंच पिळून काढायचं. सगळं काढलं की पुन्हा तेवढंच भरतं. जागा लाल झाली, ताप आला तर डॉक्टरच गाठा.

पहिली बाटली आईनं देऊ नये. अंगाचा वास आला की बाळ बाटली झिडकारतं. आमची सूनबाई त्या वेळी सरळ मारुती रोडला खरेदीला जायची, तिचीही हौस भागली! बाळ भुकेनं रडायच्या आधीच घ्या. बऱ्यापैकी बसतं धरा, बाटली जवळजवळ आडवी. निप्पल ओठांना टेकवून थांबा, तोंड त्यानं उघडायचं. चार घोट झाले की बाटली जरा खाली करा. तोंड फिरवलं म्हणजे पोट भरलं. उरलेलं उष्टं ओतून द्या.

आईचंच काढलेलं दूध सगळ्यात चांगलं. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला 4 दिवस टिकतं. बाहेर फार तर 4 तास, पण सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तेवढ्याचाही भरवसा नको. वर साय धरली म्हणजे नासलं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करा आणि हलक्या हातानं फिरवा. गॅसवर चढवू नका. पावडर द्यायची तर डॉक्टरांना विचारून, डब्यावरच्या मापानंच. जास्त पाणी घालून 'हलकं' करायची शेजारच्या काकूंची युक्ती त्यांनाच लखलाभ! गाई-म्हशीचं दूध वर्षाच्या आत पाजायला नको.

निप्पल उजेडाकडे धरून बघा, भोकाशी चिकटा राहतो. ब्रशनं घासून सगळं 10 मिनिटं उकळा. एवढं जमणार नसेल तर वाटी-चमचा किंवा बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं) घ्या, धुवायला सोपं. सहा महिन्यांचं बाळ वाटीला तोंड लावूनही पितं, फक्त लाळेरं बांधून ठेवा.