लहान स्टेपनी घेताना या चुका टाळा

बुटीबोरीच्या अलीकडे, मे महिन्यातल्या भर दुपारी माझ्या होंडा अमेझचं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. डिक्कीत बारीक स्टेपनी होती, म्हणून निर्धास्त होतो. सीएनजीची टाकी बसवल्यावर मूळ स्टेपनी काढायची तर अर्धी डिक्की उपसावी लागे. म्हणून जुन्या सामानाच्या एका दुकानातून हे चाक आणलं होतं. दुकानदार म्हणाला होता, "बसते ना भौ, चार बोल्टचाच तर खेळ आहे!" जॅक लावला, पंक्चर चाक काढलं, स्टेपनी उचलून लावायला गेलो तर ती हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) चढेचना. बोल्टची चारही छिद्रं समोरासमोर येत होती, पण मधलं भोक लहान पडत होतं. दोन मिलिमीटरने.

पहिली चूक हीच. आपण रिमचे इंच पाहतो, फार तर बोल्ट मोजतो. चार बोल्ट आणि १०० मिलिमीटरचा पीसीडी (बोल्टच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) स्विफ्टलाही आहे आणि अमेझलाही. पण स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, अमेझचा ५६.१. त्यामुळे स्विफ्टचं चाक अमेझला चढत नाही. उलट, अमेझचं चाक स्विफ्टला सहज चढतं आणि ते जास्त फसवं असतं. मध्ये जागा राहते, चाक हबवर नीट टेकत नाही, ते मध्यावर धरायचं काम नुसत्या नटांवर येतं. क्रेटासारख्या मोठ्या गाड्यांना पाच बोल्ट, ११४.३ पीसीडी, तिथे निदान गफलत लगेच दिसते.

पीसीडी आणि हब जुळले तरी ऑफसेट उरतो, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या हबवर टेकणाऱ्या भागाचं अंतर. रिमच्या आतल्या बाजूला 'ईटी' लिहून पुढे आकडा असतो. तो फार वेगळा असेल तर चाक आत सस्पेन्शनला घासतं किंवा बाहेर येतं. शिवाय पुढच्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरवरून (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) रिम मोकळी फिरली पाहिजे. हे कागदावर कळत नाही. दुकानातच गाडी जॅकवर घ्या, चाक पुढे एकदा आणि मागे एकदा चढवा, हाताने फिरवून पाहा, मग पैसे द्या. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

नटांचंही तसंच. काहींचं बूड शंकूसारखं असतं, काहींचं गोल. होंडाचे गोल बुडाचे. दुसऱ्या गाडीच्या रिमला खाच शंकूची असेल तर नट आवळल्यासारखा वाटतो, पण नीट बसत नाही.

आता चाकाची उंची. १७५/६५ आर १५ टायरचा व्यास साधारण ६०८ मिलिमीटर. त्याच पंधरा इंची रिमवरचा बारीक स्टेपनीचा टी १२५/७० टायर ('टी' म्हणजे टेम्पररी, तात्पुरता) ५५६ भरतो. म्हणजे बावन्न मिलिमीटर कमी. असं चाक पुढे लावलं तर दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरेन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) सरळ रस्त्यावरही राबत राहतं. एबीएसचा दिवाही लागू शकतो. आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, म्हणून पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. दोनदा जॅक लावायचा कंटाळा येतो खरा. जागा असेल तर सर्वांत सोपा मार्ग जवळपास त्याच व्यासाचा साधा टायर घेणे. १८५/६५ आर १५ च्या गाडीला १६५/८० आर १४ हा दोनेक मिलिमीटरच्या फरकाने जुळतो.

हवेची गडबड तर घरोघरी आहे. आकाराच्या आधी 'टी' असेल तर त्या टायरला बहुधा ६० पीएसआय हवा लागते. टायरवर ते लिहिलेलं असतं. पंक्चरवाला सवयीने ३२ भरतो आणि टायर दबून चालतो. याउलट १६५/८० सारखा साधा टायर नुसता अरुंद दिसतो म्हणून त्यात ६० भरू नका, त्याला गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणेच. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. नागपुरात पारा पंचेचाळीसला गेला की उभ्या गाडीतही दाब चढतो, तो पाहून हवा सोडायची नाही.

जुना माल घेताना टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी दहा वर्षांपुढचा टायर नको. रबर पडूनपडूनही वाळतं.

२०२०च्या ऑक्टोबरपासून ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकायला परवानगी आहे. पण किटमधलं द्रव्य खिळ्याचं भोक बुजवतं. टायरची भिंत फाटली तर त्याचा उपयोग नाही.

बारीक स्टेपनीला वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर असते, चाकावरच छापलेली. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलात की बाकीच्या कार १२० ने जातात, तेव्हा हे आठवायला हवं. डावी लेन धरा, पुढच्या इंटरचेंजला उतरा, पंक्चर काढा. स्टेपनी हा शब्दच मुळी तात्पुरत्या चाकाचा. वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी चाकं बनत, पंक्चर चाकावरच अडकवायची.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: बारीक स्टेपनीच्या खोबणीत काढलेलं मोठं चाक मावत नाही. लग्नाला निघालेले पाच जण, बॅगा आणि चिखलाचं चाक. एक जुनी चादर डिक्कीत असू द्या, आणि जॅक, पाना तपासून ठेवा. अलॉयला लॉकचा नट असेल तर त्याची चावीसुद्धा.

माझी ती स्टेपनी आता शेजारच्या स्विफ्टवाल्या काकांकडे आहे. देण्याआधी त्यांच्या अंगणात जॅक लावून चढवून पाहिली. पहिल्याच झटक्यात बसली.