भुताच्या खोलीत शिरण्यापूर्वी: नट असलेल्या हॉरर एस्केप रूमची पूर्वतयारी

सांगलीच्या माणसाला सोंगाची भीती नवी नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ सादर केले, आणि त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत प्रवेश करू लागले. हॉरर एस्केप रूम हा प्रकार मला त्याच कुळातला वाटतो. येथे प्रेक्षकांच्या खुर्च्या तेवढ्या काढून टाकलेल्या असतात; राक्षस तुमच्या कानामागे येऊन श्वास घेतो आणि नेमक्या त्याच वेळी तुम्हाला चार आकडी कुलूप उघडायचे असते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका सजवलेल्या खोलीत किंवा दोन-तीन खोल्यांच्या मालिकेत तुमच्या गटाला सोडतात, तेथे लपवलेल्या खुणा शोधून, कोडी सोडवून, एकेक कुलूप उघडत ठरलेल्या वेळेत बाहेर पडायचे असते, आणि ही वेळ बहुतेक ठिकाणी ६० मिनिटांची असते. या खेळाची सुरुवात २००७ मध्ये जपानमधील क्योतो शहरात ‘स्क्रॅप’ या संस्थेने केली. पुढे त्यात भयकथा आली आणि भयकथेबरोबर रंगवलेल्या चेहऱ्याचे नट आले. मी स्वतः हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे भाच्यांच्या आग्रहाखातर पुण्यात अशा खेळांना गेलो तेव्हा माझे अर्धे लक्ष कुलपांकडे आणि अर्धे नटांकडे होते. पुढील सूचना त्या दुसऱ्या अर्ध्यातून अधिक आल्या आहेत.

बुकिंग करताना केवळ संकेतस्थळावरची कवटी पाहून पैसे भरू नयेत, फोन करावा. नट खेळाडूंच्या अंगाला हात लावतात का, एखाद्याला गटापासून वेगळे करून दुसऱ्या खोलीत नेतात का, हात बांधतात का, अंधारात रांगावे लागते का, हे चार प्रश्न सरळ विचारावेत. बऱ्याच ठिकाणी भीतीचे हलके, मध्यम आणि तीव्र असे प्रकार असतात, आणि गटाच्या मागणीप्रमाणे ‘स्पर्श नको’ अशी अट पाळली जाते. महिलांच्या गटाने किंवा मुलींना घेऊन जाणाऱ्या पालकांनी ही अट आधीच सांगून ठेवावी आणि आत जाण्यापूर्वी गेम मास्टरकडून, म्हणजे कॅमेऱ्यावर खेळ पाहणाऱ्या माणसाकडून, तिचा पुन्हा उच्चार करवून घ्यावा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. ज्या ठिकाणी असा प्रश्न हसण्यावारी नेला जातो, तेथे जाऊ नये.

पहिल्याच वेळी तीव्र प्रकार निवडण्याची खुमखुमी तरुण मंडळींना फार असते. डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी ११० जणांना नट असलेल्या एका भयगृहातून फिरवले, त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भीती अगदी कमी असली तर लोकांना मजा येत नाही, ती प्रमाणाबाहेर गेली तरी मजा ओसरते, आणि आनंदाचा उंचवटा मधेच कोठेतरी असतो, असे त्यांना दिसले. सांगलीकराला यासाठी डेन्मार्कपर्यंत जाण्याची गरज नव्हती, भडंग खाताना हे रोजच कळते: तिखट कमी पडले तर नुसते चुरमुरे, आणि जास्त झाले तर चव जाऊन केवळ डोळ्यांतून पाणी. शिवाय घाबरलेल्या माणसाला साधी बेरीजही जमत नाही, हे मी आत पाहिले आहे. तीव्र खेळात कोडी बाजूला राहतात आणि एक तास नुसते किंचाळण्यात जातो. म्हणून पहिल्यांदा मध्यम प्रकार घ्यावा.

गट चार ते सहा जणांचा ठेवावा. दोघांनाच सगळी कोडी सोडवणे जड जाते, आणि आठ जण झाले की निम्मे भिंतीला टेकून उभे राहतात. गटातील एखाद्याला हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार किंवा दमा असेल, किंवा कोणी गरोदर असेल, तर त्या व्यक्तीने आत जाऊ नये. लखलखणाऱ्या दिव्यांनी अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि धूर सोडणाऱ्या यंत्रामुळे दमेकऱ्याची छाती भरून येते. बंद जागेची ज्याला खरोखर धास्ती आहे, त्याला ‘काही होत नाही रे’ म्हणत ओढून नेणे हा निव्वळ दुष्टपणा आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो विचारायला आपल्या भागातील माणूस कधीही विसरणार नाही: लाईट गेली तर काय? या खोल्यांची दारे पुष्कळदा विद्युतचुंबकाच्या कुलपावर चालतात. चौकटीला चुंबक असतो, दाराला लोखंडी पट्टी असते, आणि वीज चालू असेपर्यंत चुंबक पट्टीला धरून ठेवतो. वीज बंद होताच पकड सुटते आणि दार मोकळे होते. ही रचना चांगली आहे. मात्र बाहेर इन्व्हर्टर जोडलेला असेल तर लाईट गेल्यावरही चुंबक पकड सोडत नाही, म्हणून दाराशेजारी असे बटण असलेच पाहिजे की ते दाबताच चुंबकाचा वीजपुरवठा थेट तुटेल. काही कुलपे याच्या अगदी उलट जातीची असतात आणि त्यांना उघडण्यासाठीच वीज लागते. तशी कुलपे बाहेर पडण्याच्या दाराला नसावीत. दार बाहेरून साध्या कुलपाने बंद करून किल्ली कोणाच्या तरी खिशात राहणार असेल, तर पैसे बुडाले तरी चालतील, पण आत जाऊ नये.

हे मी अतिरेकी काळजीपोटी लिहीत नाही. पोलंडमधील कोशालिन शहरात ४ जानेवारी २०१९ रोजी वाढदिवस साजरा करण्यासाठी एस्केप रूममध्ये गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली आग लागल्यानंतर खोलीतून बाहेर पडू शकल्या नाहीत आणि विषारी वायूने गुदमरून मरण पावल्या. त्यानंतर त्या देशात अशा सर्व खोल्यांची तपासणी करून अनेक बंद कराव्या लागल्या. त्यामुळे खेळाची माहिती सांगितली जात असताना कथा ऐकण्याआधी दार पाहावे. बटण कोठे आहे ते विचारावे आणि शक्य असेल तर ते दाबून दार उघडते की नाही हे डोळ्यांनी पाहावे. एका ठिकाणी मी बटण दाखवा म्हटले, तेव्हा गेम मास्टरने भिंतीवर टांगलेला नटाचा मळकट कोट उचलला आणि त्याखाली ते सापडले. कोट कोणीतरी केवळ खुंटी दिसली म्हणून तेथे अडकवला होता. भाच्यांना माझी ही चौकशी लाजिरवाणी वाटली, पण तो कोट तेथून हलला.

पोशाखाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बूट घालावेत, कोल्हापुरी चपला घसरतात आणि अंधारात एक पाय मागे राहतो. साडी, ओढणी, लांब मंगळसूत्र, काचेच्या बांगड्या आणि लोंबते कानातले टाळावे, कारण रांगताना आणि अरुंद बोळातून सरकताना ते कशालाही अडकते. चष्म्याला मागून दोरी बांधावी. मोबाइल बाहेर ठेवून घेतला जातो, त्यामुळे आत पुरेसे दिसण्यासाठी मोबाइलच्या उजेडाची आशा धरू नये. मिसळ चापून लगेच आत जाऊ नये, तसेच उपाशीही जाऊ नये.

सांगलीहून पेठनाका मार्गे पुणे सुमारे २३० किलोमीटर आहे, आणि रस्त्यात साडेचार-पाच तास सहज जातात. सकाळी निघून संध्याकाळची वेळ घ्यावी आणि खेळाच्या २० मिनिटे आधी दारात असावे, कारण उशीर झाला की तो बहुधा तुमच्याच ६० मिनिटांतून वजा होतो. आधी पोहोचले की संमतिपत्र शांतपणे वाचता येते. त्यात दुखापतीची जबाबदारी कोणावर आहे आणि तुमचे चित्रीकरण जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी तुम्ही देत आहात का, ही दोन कलमे शोधावीत. दुसरे नको असेल तर ते खोडून सही करावी.

आत जाण्यापूर्वी गटाने एक थांबण्याचा शब्द ठरवावा. ‘नको, सोडा, वाचवा’ हे शब्द उपयोगाचे नाहीत, कारण ते सगळेच ओरडत असतात. आम्ही ‘हळद’ हा शब्द ठेवला होता. सांगलीकराच्या तोंडी तो भीतीतही येतो आणि खोलीत दुसरे कोणी तो उच्चारण्याची शक्यता नसते. अर्थात आयोजकांचा स्वतःचा शब्द असेल तर तोच पाठ करावा, आणि नसेल तर आपला त्यांना सांगून ठेवावा. शब्द उच्चारला की दिवे लागतात, नट मागे होतो आणि ज्याला बाहेर जायचे आहे तो जातो. त्याला नंतर चिडवायचे नाही, हेही तेव्हाच ठरवावे.

खेळ सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटे कोणीही काही उचलू नये. सर्वांनी खोली नजरेने फिरून पाहावी. मग जे सापडेल ते मोठ्याने सांगावे: ‘लाल पेटी, तीन आकडी कुलूप’, ‘घड्याळ सव्वा चारला थांबले आहे’. निम्मा वेळ यामुळे वाया जातो की एकाच्या हातात आकडे असतात, दुसऱ्याच्या हातात कुलूप असते आणि दोघेही गप्प असतात. वापरलेली किल्ली त्याच कुलपात राहू द्यावी. जोर लावून काहीही उपसू नये. योग्य वस्तू बोटाच्या ताकदीने उघडते. कुलपे हाताळण्याचे काम गटातल्या सर्वांत थंड डोक्याच्या माणसाला द्यावे आणि त्याच्या पाठीशी दुसऱ्याने उभे राहावे, म्हणजे मागून कोणी आले तरी त्याची बोटे आकड्यांवर राहतात. पाच-सात मिनिटे एकाच कोड्यावर अडकलात तर वॉकीटॉकीवरून हिंट मागावी. त्यात मानहानी मानणारे गट शेवटची खोली न पाहताच परततात.

नटाविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. तो अंधारात उगाच हिंडत नसतो. त्याला जागा नेमून दिलेली असते, प्रवेशाची खूण दिलेली असते, आणि तुम्ही अमुक कुलूप उघडले की त्याने अमुक दारातून यायचे, हे नाटकाच्या तालमीसारखे बसवलेले असते. म्हणून तो जेथून येतो, जिकडे पाहतो आणि जे पुटपुटतो, त्यात पुष्कळदा पुढच्या कोड्याचा धागा असतो. आमच्या खेळातील म्हातारी दर वेळी एकच ओळ म्हणत होती आणि आम्ही तिच्यापासून पळत होतो. शेवटी धाकट्या भाचीने कानांवरचे हात काढून ती ऐकली, तेव्हा कळले की त्या ओळीतील नातवंडांची संख्या हाच कुलपाचा आकडा होता. नट सर्वाधिक दचकणाऱ्याला हेरतो, हेही लक्षात ठेवावे. जो सर्वांच्या मागे लपून दुसऱ्यांचे शर्ट धरतो, त्याच्याकडे तो हमखास येतो. त्याच्या नजरेला नजर देऊन शांत उभे राहिले की तो बहुधा दुसरीकडे वळतो.

त्याला मारू नये, ढकलू नये, त्याचा मुखवटा ओढू नये. सगळेच म्हणतात की आम्ही असे कशाला करू. आमचे दाजीही तसेच म्हणाले होते. साखर कारखान्यात पाळ्या करणारा हा माणूस उसाच्या फडात रात्री एकटा फिरतो. पण कपाटाचे दार फटकन उघडून आतून कोणी बाहेर पडताच त्यांचे कोपर आपोआप वर गेले आणि नटाच्या हनुवटीवर बसले. दिवे लागले. नट भिंतीला धरून उभा होता, हनुवटीवरचा पांढरा रंग पुसला जाऊन खालची सावळी कातडी दिसत होती, आणि त्याने पहिला प्रश्न दाजींनाच केला, ‘काका, तुम्हाला लागलं नाही ना?’ त्यानंतर दाजींनी उरलेला खेळ दोन्ही हात खिशात घालून पूर्ण केला. मी हाच उपाय सर्वांना सुचवतो. दार उघडताना हात खिशात किंवा छातीवर घडी घालून ठेवावेत, आणि अंधारात पळू नये. दुखापती भुतामुळे होत नाहीत, टेबलाच्या कोपऱ्यामुळे होतात.

मुलांच्या बाबतीत आयोजकांनी घातलेली वयाची अट वय वाढवून सांगत चुकवू नये. अट पूर्ण करणाऱ्या मुलालाही खेळ संपल्यावर नटाला भेटवावे, मुखवटा हातात घेऊ द्यावा. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अमावास्येला स्मशानात सहल काढतात ती याच कारणासाठी: जवळून पाहिलेल्या गोष्टीची भीती टिकत नाही. आमच्या भाचीने त्या म्हातारीचे केस ओढून पाहिले, अर्थात परवानगी घेऊन, आणि आतून निघाला विशीतला एक मुलगा. दाजींनी त्या हनुवटीवाल्या नटाला गाडीतून भडंगाची पिशवी आणून दिली.

बाहेर आल्यावर हाताला थरथर असते, तोंड कोरडे पडते, आणि थोड्या वेळाने अचानक थकवा येतो. त्यामुळे लगेच गाडी काढू नये. पाणी प्यावे, जेवावे, अर्धा-पाऊण तास बसावे, आणि रात्रीचा खेळ असेल तर पुण्यातच मुक्काम करून सकाळी परतीला निघावे. ज्यांना तो खेळ अजून खेळायचा आहे त्यांना कोडी सांगू नयेत. दार कसे आहे, बटण कोठे आहे आणि नटांनी अट पाळली का, एवढे अवश्य सांगावे. त्या रात्री मुलांनी दिवा चालू ठेवून झोपायचे म्हटले तर ठेवू द्यावा. आमच्याकडे तो दाजींच्या खोलीतही चालू होता.