रिसीव्हर बदलताय? आधी माइक बघा, वॅट नंतर

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेयरचा आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणारं मशीन, बदलायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: 'किती वॅटचा घेऊ?' दुकानदार वॅटवरच सुरू होतो, ऑफिसातला जाणकार मित्रही वॅटच सांगतो. मी आजवर स्वतःसाठी आणि ओळखीपाळखीच्या घरांसाठी बरेच रिसीव्हर निवडून, जोडून, लावून दिलेत. वॅट बघून घेतलेला रिसीव्हर जुन्यापेक्षा फारसा वेगळा वाजत नाही, हे दर वेळी दिसतं. आवाजात फरक पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी: रिसीव्हर तुमचा हॉल किती नीट ओळखतो आणि बास किती हुशारीने सांभाळतो. बाकीच्या गोष्टी भराभर उरकू आणि त्या जागी जरा थांबू.

बदलायचंय ते नेमकं काय?

डब्यात सगळं एकत्र मिळणारा संच असेल तर नुसता रिसीव्हर बदलून भागत नाही. त्या संचांचे स्पीकर बऱ्याचदा 3 ओहमचे असतात (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला विरोध; तो कमी तर रिसीव्हरवर ओझं जास्त) आणि सुटा रिसीव्हर 6 ते 8 ओहम धरून बनवलेला असतो. त्यातला सबवूफरही (खालचा बास वाजवणारा मोठा स्पीकर) बहुधा स्वतःच्या ॲम्पशिवायचा, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या सर्किटशिवायचा असतो, म्हणजे नव्या रिसीव्हरच्या सबवूफर आउटला लावून तो वाजणारच नाही. स्पीकरच्या पाठीवर ओहमचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. 3 असेल तर अख्खा संच बदलायची तयारी ठेवा.

स्पीकर सुटे आणि बरे असतील, पण सबवूफर नसेल, तर आधी सबवूफर घ्या. त्याच पैशात आवाज जास्त सुधारतो. हे कोणी ऐकत नाही, तरी सांगतो.

जोडण्या

टीव्हीवरून ओटीटी बघत असाल तर ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच उलट रिसीव्हरकडे आणणारी सोय, साध्या आर्कची पुढची आवृत्ती) असलेला एचडीएमआय पाहिजे. ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस या आवाजाच्या प्रकारांचं 5.1 (पाच स्पीकर, एक सबवूफर) जातं, त्यापुढे काही नाही. साध्या आर्कमधून ओटीटीवाला ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) जातो, ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रू-एचडी जात नाही. ई-आर्कमधून दोन्ही जातात. गेमिंग कन्सोल असेल तर 2020 साली निघालेलं मॉडेल जुन्या बाजारातून उचलण्याआधी चौकशी करा. त्या वर्षीच्या डेनॉन, मरांट्झ, यामाहाच्या काही मॉडेलांत एचडीएमआय 2.1च्या चिपमध्ये घोळ होता आणि एक्सबॉक्स सीरिज एक्सचं 4के 120 हर्ट्झचं चित्र त्यातून जात नव्हतं. आणखी एक, सॅमसंगच्या 2018पासूनच्या टीव्हींना डीटीएस कळत नाही. अशा टीव्हीतून फिरवून आवाज रिसीव्हरकडे न्यायच्या भानगडीत पडू नका. प्लेयर थेट रिसीव्हरलाच लावा.

वॅटचा हिशेब

ज्यांच्या घरी पूर्वी हजारो वॅट 'पीएमपीओ'चं (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) स्टिकर लावलेला टू-इन-वन होता, त्यांना हा खेळ नवा नाही. आता तो जरा सभ्य भाषेत चालतो, एवढंच. डेनॉनच्या एव्हीआर-एक्स3800एचचं उदाहरण घ्या. कंपनी त्याच मशीनचा आकडा एका ओळीत 105 वॅट देते आणि दुसऱ्या ओळीत 180. 105 हा 8 ओहमवर, 20 ते 20,000 हर्ट्झ, दोन चॅनेल (स्पीकरच्या वाटा) चालू आणि विकृती (आवाजात मिसळणारा बिघाड) 0.05 टक्के असतानाचा. 180 हा 6 ओहमवर, फक्त 1,000 हर्ट्झवर, एकच चॅनेल चालू आणि विकृती 10 टक्के असतानाचा. दहा टक्के विकृती असलेला आवाज घरात कोणी पाच मिनिटं ऐकून घेणार नाही. जाहिरातीत मोठा आकडा असतो आणि खरा आकडा तपशिलाच्या तक्त्यात खाली, बारीक अक्षरात.

दोन रिसीव्हरांची तुलना करायची तर दोघांचा 8 ओहम, 20 ते 20,000 हर्ट्झ, दोन चॅनेलचा आकडा शोधा. तो कुठेच दिलेला नसेल तर मी ते मॉडेल यादीतून काढतो.

तो आकडा मिळाल्यावरही फार हुरळून जाऊ नका. 80 वॅटवरून 105 वॅटवर गेलात तर कमाल आवाज वाढतो जेमतेम 1.2 डेसिबल. पॉवर दुप्पट केली तरी 3 डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. फ्लॅटच्या हॉलमध्ये, दहा फुटांवर बसून, 87-88 डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॅटवर एक मीटरवर मिळणारा आवाज) स्पीकरवर सिनेमा बघताना बहुतेक वेळ रिसीव्हर एक-दोन वॅटच्या आसपास घुटमळत असतो. मोठे स्फोट वगैरे आले की क्षणभर वर जातो. सबवूफरला स्वतःचा ॲम्प असतो, त्यामुळे सगळ्यात जड ओझं तर रिसीव्हरच्या डोक्यावर नसतंच.

पुढे कधी हॉल मोठा झाला किंवा 4 ओहमचे भुकेले स्पीकर आले, तर बाहेरून ॲम्प जोडता यावा म्हणून प्री-आउट असलेलं मॉडेल घ्या. ही सोय 20 वॅट जास्त असण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

खोली ओळखणारा रिसीव्हर

मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते या टप्प्याने, कारण हे दुकानात ऐकूच येत नाही.

आधी हॉलचं गणित. समजा हॉल 15 फूट बाय 12 फूट आहे आणि उंची साडेनऊ फूट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाच्या लाटा अडकून उभ्या राहतात. 15 फुटांच्या बाजूला ते होतं सुमारे 38 हर्ट्झला, 12 फुटांच्या बाजूला 47ला, जमीन आणि छताच्या मध्ये 59ला. हे तिन्ही आकडे नेमके सबवूफरच्या हद्दीतले. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, आणि आपल्याकडे तो टेकलेलाच असतो, तर तिथे त्या बाजूचा सूर फुगतो. सोफा लांबीच्या बरोब्बर मध्यावर असेल तर 38चा सूर जवळजवळ गायब. वरून व्हिट्रिफाइड टाइल्स आणि बाल्कनीचा काचेचा सरकता दरवाजा. म्हणजे 'बास घुमतो आणि संवाद कळत नाहीत' ही तक्रार तयारच.

ऐकून तपासायचं असेल तर तबल्याचं एकल वादन लावा. डग्ग्यावर मनगट दाबत घुमारा खालून वर नेतात, तो लक्ष देऊन ऐका. चांगल्या बसवलेल्या हॉलमध्ये तो एका दमात, सारख्या वजनाने चढतो. वाईट हॉलमध्ये मध्येच एका ठिकाणी दणकन फुगतो आणि पुढे पातळ होतो. ॲक्शनपटातल्या स्फोटावरून हे कळत नाही. स्फोट सगळीकडे स्फोटासारखाच वाटतो.

रिसीव्हरबरोबर येणारा छोटा माइक या कामासाठी असतो. रिसीव्हर चाचणीचे आवाज सोडतो, माइकने ऐकतो आणि फुगलेले सूर खाली बसवतो; यालाच रूम करेक्शन म्हणतात. पण सगळ्या प्रणाली सारख्या नसतात, आणि निवड करायची ती इथे.

दुकानदाराला किंवा मॅन्युअलला चार प्रश्न विचारा. प्रणाली सबवूफरलाही दुरुस्त करते का? काही स्वस्त मॉडेलांत ती सबवूफरला हातच लावत नाही, आणि गरज तर तिथेच असते. दोन सबवूफर लावले तर त्यांना वेगवेगळं मोजते, की एकच समजते? दुरुस्ती किती हर्ट्झपर्यंत करायची हे आपल्याला ठरवता येतं का? आणि प्रत्येक स्पीकर-जोडीचा क्रॉसओव्हर (ज्या सुराखाली आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द) वेगळा ठेवता येतो का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. साधारण 300 हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं, वर स्पीकरचं. खाली दुरुस्ती हवीच. वर मात्र बऱ्या स्पीकरवर प्रणालीने ढवळाढवळ केली की आवाजातला जीव जातो, आणि मग लोक 'रूम करेक्शन बंद केलं की छान वाजतं' असं म्हणत सगळंच बंद करून टाकतात. तो सल्ला मला अजिबात पटत नाही. वरचं बंद करा, खालचं चालू ठेवा.

माझी पसंती सरळ आहे. ऑडिसी ही अशीच एक प्रणाली; ती असलेलं मशीन घ्यायचं तर तिची एक्सटी32 ही वरची आवृत्ती असलेलं घ्या, जसं वर आलेलं एक्स3800एच. ते सबवूफर वेगवेगळे मोजतं, आणि कंपनीचं वेगळे पैसे भरून मिळणारं मोबाइल ॲप घेतलं की दुरुस्तीची हद्द ठरवता येते. एक्स2800एचमध्ये साधं एक्सटी आहे. एकच सबवूफर असेल आणि बजेट ताणलेलं असेल तर तेही चालेल. डिराक (अशीच दुसरी प्रणाली) हातात आलं तर उत्तमच. ओंक्योच्या टीएक्स-आरझेड50मध्ये ते पूर्ण स्वरूपात आधीच दिलेलं आहे. एक्स3800एचवर वेगळं विकत घ्यावं लागतं. यातला फरक दोन मॉडेलांतल्या वीस-तीस वॅटच्या फरकापेक्षा कुठल्याही हॉलमध्ये जास्त ऐकू येतो. 'अमक्याचा डॅक (डिजिटल आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी चिप) चांगला, तमक्याचा आवाज उबदार' वगैरे गप्पा चहाबरोबर ठीक आहेत.

आता माइक लावण्याबद्दल, कारण चांगली प्रणाली घेऊन तिचं वाटोळं करणारेच जास्त भेटतात. माइक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर लावा. पहिलं मोजमाप मुख्य बैठकीच्या जागीच घ्या, कारण स्पीकरची अंतरं त्यावरून ठरतात. पुढची दोन फुटांच्या आसपास, भिंतीला न चिकटता. पंखा बंद, कुकर बंद, पडदे रोज असतात तसे. रात्री अकरानंतर करू नका, सबवूफरच्या चाचणीचा धूं-धूं आवाज खालच्या मजल्यावर थेट पोचतो.

सबवूफरची जागा मात्र माइक लावायच्या आधी ठरवा. प्रणाली फुगलेला सूर कापू शकते, गायब झालेला परत आणू शकत नाही. गायब सुरात कितीही पॉवर ओता, ती वाया जाते. जुना उपाय अजून सगळ्यात भारी आहे: सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, खालचा-वरचा बास असलेलं काहीतरी लावा आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवा. घरचे हसतील, हसू द्या.

मोजमाप झाल्यावर सेटिंगमध्ये सबवूफरची पातळी बघा. ऑडिसीवाल्या मशीनवर ती उणे 12 दिसली तर रिसीव्हरची मर्यादा संपली आहे आणि खरा आकडा त्याहूनही खाली असू शकतो. सबवूफरच्या मागचं आवाजाचं बटण कमी करा आणि पुन्हा मोजा. उणे 4 ते उणे 8च्या आसपास आलं की पुढे जा. मग समोरचे स्पीकर बऱ्याचदा 'लार्ज' झालेले दिसतील. ते 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवा. स्पीकर कमरेएवढा उंच असला तरी 'स्मॉल'च. त्याचा अर्थ एवढाच की खालचा बास सबवूफरकडे पाठवा. लोकांना यात अपमान वाटतो, का ते कळत नाही.

खरेदी

दुकानातल्या डेमो रूमच्या भिंतींवर जाड पॅनेल असतात आणि स्पीकर तुमच्याहून महाग. तिथे 'काय दणका आहे!' म्हणून कार्ड पुढे करू नका. डेमोत रिमोट मागून घ्या आणि मेन्यू बघा, आवाज नव्हे. वर दिलेले चार प्रश्न तिथल्या तिथे तपासता येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला बिनबिलाचा माल स्वस्तात सुचवतील. पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी नसेल तर हात जोडून पुढे चला.

अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवायचा बेत असेल तर तोही सोडा. तिकडच्या मॉडेलच्या पाठीवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ छापलेलं असतं. आपल्या 230 व्होल्टला चुकून लावलात तर संपलं. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो जड असतो, स्वतः घूं करतो, आणि इकडे वॉरंटी कोणी विचारत नाही.

घरी आणल्यावर

बंद टीव्ही युनिटमध्ये कोंबू नका. वर चार-सहा इंच मोकळी जागा हवी, रिसीव्हर तापतो. स्पीकरसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली 1.5 चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर पुरते, लांब पल्ल्याला 2.5ची. हजारो रुपयांच्या केबलींकडे बघूही नका. मेन्यूत ओहमचं सेटिंग असेल तर 8वरच राहू द्या. 4वर नेलं की बहुतेक रिसीव्हर आपलीच ताकद कमी करून घेतात. सगळं मनासारखं बसलं की सेटिंग पेनड्राइव्हवर सेव्ह करायची सोय असेल तर करून ठेवा आणि त्यानंतरच सॉफ्टवेअर अपडेटला हात लावा.