स्लाइडवरच्या मजकुराला ॲनिमेशन कसे द्यावे

पडद्यावर सहा ओळी एकदम आल्या की समोरचे लोक त्या सगळ्या वाचून मोकळे होतात, आणि बोलणारा मात्र अजून दुसऱ्याच ओळीवर असतो. मग उरलेल्या वेळात कुणी फोन बघतो, कुणी घड्याळ. मजकुराच्या ॲनिमेशनचा खरा उपयोग इथे आहे: कोणती ओळ कधी वाचली जावी, हे बोलणाऱ्याच्या हातात राहते. गिरक्या घेत येणारी अक्षरे हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा भाग.

पुढची कृती संगणकावरच्या पॉवरपॉइंटला धरून लिहिली आहे. गूगल स्लाइड्स, कीनोट आणि इम्प्रेस यांत काय वेगळे आहे ते शेवटाकडे येईल.

आधी मजकूर पक्का करा

ॲनिमेशन लावल्यावर ओळी घालत-काढत बसलात तर क्रम पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. म्हणून आधी सगळा मजकूर लिहून, शुद्धलेखन बघून, अक्षरांचा आकार ठरवून घ्या.

लिहितानाच एक गोष्ट सांभाळा. 'एंटर' दाबले की नवा परिच्छेद सुरू होतो. 'शिफ्ट' धरून 'एंटर' दाबले तर ओळ खाली जाते, पण परिच्छेद तोच राहतो. पॉवरपॉइंट ॲनिमेशन देताना परिच्छेद मोजते, डोळ्यांना दिसणाऱ्या ओळी नाही. दोन ओळी एकत्र यायला हव्या असतील तर त्यांच्यामध्ये 'शिफ्ट-एंटर' ठेवा, वेगवेगळ्या यायला हव्या असतील तर साधा 'एंटर'. "माझ्या दोन ओळी एकदमच का येतात?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

एकेक ओळ आणण्याची कृती

उदाहरणासाठी जलचक्राची स्लाइड घेऊ. शीर्षक 'जलचक्र', खाली तीन मुद्दे: बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी.

१. मुद्दे असलेल्या चौकटीच्या कडेवर क्लिक करा, म्हणजे पूर्ण चौकट निवडली जाईल. आतली एखादीच ओळ निवडलेली राहिली तर इफेक्ट तेवढ्याच ओळीला लागतो.

२. वरच्या पट्टीतला 'ॲनिमेशन्स' टॅब उघडा. तिथल्या यादीत हिरवे इफेक्ट मजकूर आत आणतात, पिवळे आधीच दिसणाऱ्या मजकुराकडे लक्ष वेधतात, लाल त्याला पडद्यावरून घालवतात. चौथा गट 'मोशन पाथ्स'चा, म्हणजे आखलेल्या वाटेने सरकवण्याचा. आपल्याला हिरव्यांतला 'फेड' हवा.

३. शेजारच्या 'इफेक्ट ऑप्शन्स'मध्ये 'बाय पॅराग्राफ' निवडा. आता प्रत्येक मुद्द्याच्या डावीकडे १, २, ३ असे आकडे दिसतील. कितव्या क्लिकला कोणता मुद्दा येणार, ते हे आकडे सांगतात. तिन्हींपुढे १ च, किंवा सगळ्या चौकटीला मिळून एकच १ दिसत असेल तर 'ॲज वन ऑब्जेक्ट' किंवा 'ऑल ॲट वन्स' निवडलेले राहिले आहे.

४. 'शिफ्ट' आणि 'एफ ५' एकत्र दाबा. सादरीकरण पहिल्या स्लाइडपासून नाही, समोरच्या स्लाइडपासून सुरू होते. क्लिक करत जा आणि मुद्दे येतात तसे मोठ्याने बोलून बघा.

एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. मुद्द्यांखाली उपमुद्दे असतील तर ते आपल्या मुख्य मुद्द्यासोबतच येतात. त्यांनाही स्वतंत्र क्लिक हवा असेल तर 'ॲनिमेशन्स' टॅबमधून 'ॲनिमेशन पेन' (इफेक्टची यादी दाखवणारी बाजूची पट्टी) उघडा, त्या इफेक्टवर दोनदा क्लिक करा, 'टेक्स्ट ॲनिमेशन' या भागात जा आणि 'ग्रुप टेक्स्ट'समोर दुसऱ्या पातळीचे परिच्छेद निवडा. मात्र उपमुद्देसुद्धा एकेक करून आणावेसे वाटू लागले, तर त्या स्लाइडच्या दोन स्लाइड करणेच बरे.

इफेक्ट कोणता घ्यावा

'फेड' किंवा 'अपीअर'. या दोघांवर अख्खे सादरीकरण निभावता येते, आणि निभवावे असे माझे मत आहे. 'अपीअर'मध्ये मजकूर झटकन दिसतो, 'फेड'मध्ये हलकेच उमटतो. डावीकडून उजवीकडे उलगडणारा 'वाइप' हा तिसरा चांगला पर्याय. आपण वाचतो त्याच दिशेने ओळ उघडते, त्यामुळे तो डोळ्यांना खटकत नाही. फक्त त्याची मूळ दिशा खालून वर असते, ती 'इफेक्ट ऑप्शन्स'मधून 'फ्रॉम लेफ्ट' करून घ्या.

'बाउन्स', 'स्विव्हल', 'बूमरँग' यांच्या वाटेला जाऊ नका. उड्या मारणारी ओळ थांबेपर्यंत वाचता येत नाही, आणि तेवढा वेळ तुम्हालाही गप्प राहावे लागते. शिवाय मोठ्या पडद्यावरच्या वेगवान हालचालींनी काहींना गरगरते. ऑनलाइन बैठकीत पडदा शेअर केला असेल तर हेच इफेक्ट पलीकडे अडखळत पोहोचतात. 'अपीअर'ला ती अडचणच नसते.

वेळेचे गणित

ॲनिमेशन पेनमध्ये स्लाइडवरचे सगळे इफेक्ट क्रमाने दिसतात. परिच्छेदांची यादी मिटलेली असेल तर खालचा दुहेरी बाण दाबून ती उघडा, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी हाताळता येईल. क्रम बदलायचा तर ओळ धरून वर-खाली ओढा.

प्रत्येक इफेक्टला सुरुवातीची तीनांपैकी एक अट असते. 'ऑन क्लिक' म्हणजे तुम्ही क्लिक केल्यावर. 'विथ प्रीव्हियस' म्हणजे आधीच्या इफेक्टसोबत. 'आफ्टर प्रीव्हियस' म्हणजे आधीचा संपल्यावर, आपोआप. पेनमध्ये पहिल्याजवळ माउसचे चिन्ह असते, तिसऱ्याजवळ घड्याळाचे, आणि मधल्याजवळ काहीच नसते.

'ड्युरेशन' म्हणजे इफेक्ट किती वेळ चालेल, 'डिले' म्हणजे सुरू होण्याआधी किती वेळ थांबेल. 'फेड'ला अर्धा सेकंद पुरतो. दोन सेकंदांचा 'फेड' एकदा छान वाटतो, पण पाचव्या ओळीला लोक वाट बघून कंटाळलेले असतात.

'आफ्टर प्रीव्हियस' लावून, मध्ये चार-चार सेकंदांचा डिले ठेवून ओळी आपोआप आणण्याचा मोह अनेकांना होतो. समोर माणूस बोलत असेल तर हे टाळा. कुणी मध्येच प्रश्न विचारला की स्लाइड पुढे आणि बोलणारा मागे अशी गत होते. बोलणारा कुणी नसेल, म्हणजे प्रदर्शनातल्या पडद्यावर फिरत राहणारे सादरीकरण असेल किंवा त्याचा व्हिडिओ करायचा असेल, तर मात्र हीच पद्धत योग्य.

शीर्षकाला ॲनिमेशन देऊच नका. स्लाइड बदलताच शीर्षक दिसले की विषय कळतो. पहिला मुद्दाही लगेच दिसावा असे वाटत असेल तर त्याची अट 'आफ्टर प्रीव्हियस' करा. एक क्लिक वाचतो आणि ओकाबोका पडदाही दिसत नाही. अशा पहिल्या इफेक्टपुढे १ ऐवजी ० दिसतो, तो बघून गोंधळू नका.

बोलून झालेली ओळ फिकी करणे

ही सोय फार थोडे लोक वापरतात, आणि माझ्या मते ती सगळ्यात कामाची आहे. 'वृष्टी'वर बोलताना 'बाष्पीभवन' पडद्यावर असावे, पण लक्ष वेधू नये, असे साधता येते.

ॲनिमेशन पेनमध्ये इफेक्टवर दोनदा क्लिक करा. उघडलेल्या चौकटीच्या 'इफेक्ट' भागात 'आफ्टर ॲनिमेशन' अशी जागा आहे, तिथे मध्यम राखाडी रंग निवडा. आता पुढच्या क्लिकला नवी ओळ ठळक येते आणि आधीची राखाडी होते. रंग इतकाही फिका नको की मागच्या रांगेतल्याला ओळ दिसेनाशीच होईल. मागे वळून वाचण्याचा हक्क त्याला आहेच. पार्श्वभूमी गडद असेल तर अर्थातच उलट हिशेब, ओळ पार्श्वभूमीच्या दिशेने थोडी गडद करायची. याच यादीत 'हाइड ऑन नेक्स्ट माउस क्लिक' आहे, त्याने आधीची ओळ पूर्ण नाहीशी होते. एकामागून एक प्रश्न दाखवायचे असतील तर ते उपयोगी.

शब्दाशब्दाने, अक्षराअक्षराने

त्याच चौकटीत खाली 'ॲनिमेट टेक्स्ट' आहे. त्यात तीन पर्याय: सगळा मजकूर एकदम, शब्दागणिक, अक्षरागणिक. टंकलेखन यंत्रावर उमटावा तसा मजकूर आणायचा असेल तर 'अपीअर' घ्या, 'बाय लेटर' निवडा आणि दोन अक्षरांमधला वेळ ०.०५ सेकंदाच्या आसपास ठेवा.

पण देवनागरीत हे जपून करा. मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे असलेला शब्द तुकड्यातुकड्यांनी उमटणे डोळ्यांना विचित्र दिसू शकते. ज्या संगणकावर सादरीकरण होणार तिथे आधी चालवून बघा, आणि जराही शंका आली तर 'बाय वर्ड' घ्या. एरवीही अक्षरागणिक येणारा मजकूर एखाद्या छोट्या अवतरणापुरताच शोभतो. अख्खा परिच्छेद तसा आणला तर लोक वाचत नाहीत, नुसते पाहत बसतात.

एकाच मजकुराला दोन इफेक्ट

ओळ आधी यावी आणि नंतर तिचा रंग बदलावा, असे हवे असेल तर दुसरा इफेक्ट नेहमीच्या यादीतून निवडू नका. तसे केले की पहिला पुसला जातो आणि त्याच्या जागी दुसरा बसतो. त्यासाठी 'ॲड ॲनिमेशन' हे वेगळे बटण आहे.

एका चौकटीचे सगळे इफेक्ट दुसरीला जसेच्या तसे द्यायचे तर 'ॲनिमेशन पेंटर' वापरा. त्यावर एकदा क्लिक केले तर एकाच चौकटीला लागू होतो. दोनदा क्लिक केले तर 'एस्केप' दाबेपर्यंत हव्या तितक्या चौकटींना.

उत्तर लपवून ठेवणे

शिक्षकांना आवडेल अशी युक्ती. प्रश्न एका चौकटीत, उत्तर दुसऱ्या चौकटीत लिहा. उत्तराला 'फेड' द्या, मग 'ट्रिगर' या बटणातून 'ऑन क्लिक ऑफ' निवडा आणि यादीतून प्रश्नाची चौकट दाखवा. आता प्रश्नावर क्लिक केले तरच उत्तर येते, त्यामुळे वर्ग म्हणेल त्या क्रमाने प्रश्न घेता येतात. यादीत 'टेक्स्टबॉक्स ७' असली नावे दिसून गोंधळ होतो, म्हणून आधी 'ऑल्ट' आणि 'एफ १०' दाबून 'सिलेक्शन पेन' उघडा आणि चौकटींना ओळखीची नावे द्या. नेम मात्र नीट धरा: चौकटीबाहेर क्लिक झाले तर सादरीकरण पुढे सरकते.

मॉर्फ

पॉवरपॉइंट २०१९ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर 'मॉर्फ' हा स्लाइड बदलतानाचा इफेक्ट बघाच. स्लाइडची प्रत करा, प्रतीमधला मजकूर हलवा, मोठा करा किंवा शब्द बदला. मग 'ट्रान्झिशन्स' टॅबमधून त्या प्रतीला 'मॉर्फ' द्या आणि 'इफेक्ट ऑप्शन्स'मध्ये 'वर्ड्स' निवडा. दोन्ही स्लाइडवर असलेले शब्द जुन्या जागेवरून नव्या जागी सरकत जातात. मोठ्या वाक्यातून एक शब्द उचलून त्याचे पुढच्या स्लाइडचे शीर्षक करायचे असेल तर याच्यासारखे दुसरे साधन नाही. जुन्या आवृत्तीत हीच फाइल उघडली तर सरकणे जाऊन साधा 'फेड' दिसतो.

दुसरी सॉफ्टवेअर

गूगल स्लाइड्समध्ये चौकट निवडून 'इन्सर्ट' मेनूतले 'ॲनिमेशन' घ्या आणि उजवीकडे उघडणाऱ्या भागात 'बाय पॅराग्राफ'वर खूण करा. सुरुवातीच्या अटी त्याच तीन आहेत, पण ओळ आपोआप फिकी करण्याची सोय तिथे नाही. कीनोटमध्ये 'ॲनिमेट' मधल्या 'बिल्ड इन'मधून इफेक्ट लावा आणि 'डिलिव्हरी'मध्ये 'बाय हायलाइटेड बुलेट' निवडा. फिके करण्याचे काम आपसूक होते. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये बाजूच्या पट्टीतल्या 'ॲनिमेशन' भागात अधिकचे चिन्ह दाबून इफेक्ट जोडता येतो, बाकी पद्धत पॉवरपॉइंटच्या जवळची.

सादरीकरणाआधी

मागच्या बाणाने एकेक पाऊल मागे जाता येते, आणि आधीच्या स्लाइडवर पोहोचलात तर तिथले सगळे मुद्दे आलेलेच दिसतात. स्लाइडचा क्रमांक टाइप करून 'एंटर' दाबले तर मात्र ती स्लाइड पहिल्या मुद्द्यापासून पुन्हा सुरू होते. प्रश्नोत्तरांत हा फरक माहीत असलेला बरा.

पीडीएफमध्ये ॲनिमेशन उतरत नाही. एकाच जागी एकावर एक ठेवलेल्या चौकटी असतील, एक गेली की दुसरी येणारी, तर पीडीएफमध्ये त्या एकमेकींवर छापल्या जातात आणि काहीच वाचता येत नाही. फाइल वाटायची असेल तर अशा चौकटी वेगवेगळ्या स्लाइडवर काढून तिची दुसरी प्रत तयार ठेवा. आणि ऐन वेळी वेळ कमी पडला, तर 'स्लाइड शो' टॅबमधल्या 'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'शो विदाउट ॲनिमेशन'वर खूण करा. एकही इफेक्ट न पुसता सगळे सादरीकरण साध्या स्लाइडचे होते आणि प्रत्येक स्लाइडला एकच क्लिक लागतो.